दुकान उसवण्याची कृती

ब्लाउज शिवायला दोन तास लागतात, उसवायला वीस मिनिटं. दुकानाचं नेमकं उलटं. साताऱ्यातला माझा गाळा एका आठवड्यात लागला होता: दोन मशीन, एक कपाट, एक टेबल आणि फोडायला नारळ. 22 वर्षांनी तो रिकामा करायला दोन महिने गेले. कारणं सांगत बसत नाही. तयार ब्लाउज स्वस्त झाले, गुडघे बोलायला लागले आणि मालकाला इमारत पाडायची होती. यात नवल काहीच नाही.

नवल एवढंच, की त्या दोन महिन्यांत मी जितकं मजेत शिवलं, तितकं आधी कधी शिवलं नव्हतं. ज्या कोणाला शिलाईचं, पिको-फॉलचं किंवा असंच एखादं लहान दुकान बंद करायचं असेल, त्यांच्यासाठी ती रीत लिहून ठेवते. बंद करताना जी कंटाळवाणी कामं करावीच लागतात, त्या प्रत्येकाला एक बिनकामाचं काम जोडायचं. बिनकामाचं म्हणजे ज्याला माप नाही, द्यायची तारीख नाही आणि दर नाही.

साहित्य: मापवह्या, कातरणाची पोती, गिऱ्हाइकांनी न नेलेले कपडे, खाकी कागदाचे फर्मे, उरलेलं बकरम, अर्धवट रिळं, बटणांची बरणी. आणि रोज अर्धा तास, शटर अर्धं खाली ओढून. पूर्ण उघडं ठेवलंत तर कोणीतरी साडी घेऊन येणारच: “ताई, एवढा फॉल तेवढा लावून द्या.”

आधी तारीख ठरवा. लग्नसराई आणि दिवाळी टाळा, आणि शेवटच्या दिवसाच्या सहा आठवडे आधी नवीन काम घेणं बंद करा. मग पाटी. फ्लेक्स छापू नका. बकरमचा हातभर तुकडा घ्या, त्यावर खडूने ‘नवीन ऑर्डर बंद आहे’ असं मोठ्या अक्षरात लिहा आणि लाल दोऱ्याने मशीनवर अक्षरं गिरवा. टीप बारीक ठेवा. वळणावर सुई कापडात रुतलेली असताना दाब उचलून कापड फिरवायचं, गळा शिवताना फिरवतो तसंच. शिरोरेघ शेवटी, एका दमात. माझ्या ‘ऑर्डर’मधला रफार तीनदा उसवला, चौथ्यांदा वाकडाच राहू दिला.

यानंतर न नेलेले कपडे. प्रत्येक शिंप्याकडे हे गाठोडं असतं आणि प्रत्येक शिंपी ते नाकारतो. माझ्याकडे 41 ब्लाउज निघाले, सगळ्यात जुन्यावरची चिठ्ठी सात वर्षांपूर्वीची. बिल नंबरावरून फोन शोधा, एक फोन आणि एक निरोप करा, महिन्याची मुदत द्या. जरीकाठाचं, पैठणीचं कापड मुदत संपली तरी कातरू नका, ते कोणाच्या तरी लग्नातलं असतं. आता बिनकामाचं काम: मी आयुष्यभर कपडे तारखेप्रमाणे टांगले, या वेळी रंगाप्रमाणे टांगले. दोरी बांधली, एका टोकाला हळदी, मग केशरी, राणी, वांगी, मोरपंखी, शेवटी पांढरा. निम्म्याहून अधिक टू बाय टू रुबिया, मधूनच एखादा खण. दारातून पाहिलं तर गाळा नवा वाटायला लागला. रस्त्याने जाणाऱ्या बायका थांबायच्या, आणि त्यातल्या नऊ जणींना स्वतःचाच ब्लाउज दिसला. फोनने जे झालं नाही ते दोरीने झालं.

मापवह्यांना घाई करू नका. माझ्या चौदा होत्या. छाती, कंबर, उंची, शोल्डर, बाही, मुंढा, पुढचा गळा, मागचा गळा. सगळं इंचात, आणि कडेला माझ्या खुणा. ‘उजवा खांदा उतरता.’ ‘हूक पुढे.’ ‘आईला सांगू नका, गळा एक इंच जास्त.’ एकाच बाईची पानं वेगवेगळ्या वह्यांतून काढून शेजारी ठेवली की तिचं लग्न, बाळंतपण, आजारपण टेपवर वाचता येतं. म्हणून या वह्या रद्दीत देऊ नका. नाव, फोन आणि अंगाचं माप एकाच पानावर असलेली वही भेळेच्या गाडीवर जाता कामा नये. नेहमीच्या गिऱ्हाइकांना त्यांचं शेवटचं माप जाड कागदावर उतरवून द्या, खांद्याच्या खुणेसकट. नव्या शिंप्याकडे गेल्यावर पहिला ब्लाउज बिघडत नाही. बाकीची पानं फाडून रात्रभर पाण्यात भिजवा आणि कुस्करा. लगदा झाला की काही वाचता येत नाही.

पण कुस्करण्याआधी मागचे गळे उतरवून घ्या. फक्त गळे, नावं नकोत. मी फर्म्यांचे खाकी कागद एकाला एक चिकटवून लांब पट्टी केली आणि त्यावर एकाखाली एक काढत गेले: गोल, चौकोनी, पंचकोनी, पान गळा, मटका गळा, बोट नेक, मग नाड्या, लटकन, आणि शेवटच्या वहीत पुन्हा साधा गोल. मटका गळा किती वर्षं चालला हे त्या पट्टीवर वीतभर मोजता येतं. कशासाठी, असं घरात विचारलं गेलं. उत्तर द्यायची गरज नव्हती.

कागदपत्रांत मजा नाही, म्हणून भराभर सांगते. शॉप अ‍ॅक्टची नोंद असेल तर धंदा बंद झाल्यापासून 30 दिवसांत कळवायचं. ‘उद्यम’ नोंदणीही रद्द करून टाका. जीएसटी क्रमांक असेल तर आरईजी-16 या अर्जाने तो रद्द करायचा आणि त्यानंतर तीन महिन्यांत जीएसटीआर-10 हे शेवटचं विवरणपत्र भरायचं. हे विसरलं तर दंड लागतो, आणि दुकान नसताना दुकानाचा दंड भरणं फार लागतं. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने सांभाळायचे. वीजमीटर कायमचा बंद करायला अर्ज द्या, शेवटच्या रीडिंगचा फोटो काढा आणि सुरक्षा ठेव परत मागा. व्यवसाय कर भरत असाल तर तीही नोंद बंद करा, नाहीतर 2,500 रुपये वर्षाला चढत राहतात. या सगळ्या कागदांसाठी मी अस्तराच्या कापडाची पिशवी शिवली आणि तिला ब्लाउजसारखे पुढून पाच हूक लावले. हिशेब तपासणारे गृहस्थ ती उघडताना थोडे बावरले.

कामावरच्या माणसांचे पैसे मात्र या सगळ्याच्या आधी द्या. पैशांच्या जागी मशीन देऊ नका. देणं रोख, भेट वेगळी. पिको करणाऱ्या मावशींना मी आधी हिशेब चुकता करून दिला, मग त्यांचंच मशीन त्यांच्या घरी पोचवलं. मशीनचा पट्टा नवा घातला, तेल दिलं, आणि बॉबिनमध्ये त्यांच्या आवडीचा पोपटी दोरा भरून ठेवला.

शेवटी कातरण. तीन पोती. इथे एक धोका आहे: जो येईल तो सांगतो, “पिशव्या शिवा, विका, चांगला धंदा आहे.” हसून ऐका आणि करू नका. एक धंदा बंद करताना दुसरा उघडला की ही सगळी कृती फसते. कातरणाची गोधडी करा.

खाली जुनं सुती लुगडं अंथरा, त्यावर आणखी दोन जुन्या साड्या. नायलॉन नको, सुई अडते आणि अंगाला घाम येतो. कातरणातले तळव्याएवढे सुती तुकडे निवडा, कडा नखाने दुमडा आणि बसतील तसे लावत जा. शिंप्याचा हात इथे आडवा येतो. मला पहिल्या दिवशी सगळे तुकडे चौकोनी कापून घ्यावेसे वाटले, कात्री कपाटात ठेवावी लागली. मुंढ्याखालचा उरलेला तुकडा चंद्रकोरीसारखा असतो, तो तसाच लावा. मोठ्या नाकाची सुई, जाड सुती दोरा आणि धावदोरा. काठापासून सुरुवात करायची, चारी बाजूंनी फिरत बोटभर अंतराने आत यायचं. ओळ वाकडी झाली तर पुढची ओळ तिच्यामागून जाते.

गाळ्याची किल्ली दिली त्या दिवशी गोधडी मध्याच्या वीतभर अलीकडे होती. मशीनं गेली होती, म्हणून मावशी आणि मी जमिनीवर बसून शिवत होतो. आता ती माझ्या ओट्यावर पसरलेली असते, सुई तिच्यातच खोचलेली. मावशी येत्या मंगळवारी येते म्हणाल्या आहेत, चहाला आणि चार ओळींना.