चालकाचे काय?

प्रश्न : गाडीचा थर्ड पार्टी विमा आहे. खंडाळा घाटात अपघातात मीच जखमी झालो, तर भरपाई मिळेल ना?
– एक वाचक, कामशेत

उत्तर : चूक तुमचीच असेल, तर नाही; तो विमा इतरांच्या हानीसाठी असतो. दुसऱ्या गाडीची चूक असल्यास मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. तुमच्यासाठी असतो तो मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा : २०१८ पासून १५ लाखांचा, २०१९ पासून स्वतंत्रही मिळणारा. पॉलिसीत तो आहे का पाहा. नसल्यास आजही घेता येईल. मात्र तो मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वापुरताच. मोडलेल्या पायाचे लोणावळ्यातले बिल मेडिक्लेमच भरेल. मग मेडिक्लेमच पुरे, असे कुणी म्हणेल. पण अपंगत्वाने बुडालेली कमाई तो देत नाही. अपघात विम्याचा दावा टिकावा म्हणून परवाना मुदतीत ठेवा. गाडी तुमच्या नावावर आणि चालवणारा मुलगा, तर हे कवच त्याला लागू नाही. त्याच्यासाठी वेगळा अपघात विमा घ्या.