सरत्या थंडीतील आठवड्याचा हवामान अंदाज : वाचन व उपयोग

माघ सरत आला म्हणजे रब्बीचे पीक पदरात पडण्याच्या बेतास येते. ज्वारीची काढणी सुरू झालेली असते, हरभरा व करडई खळ्याकडे येऊ लागतात, उशिरा पेरलेल्या गव्हाच्या ओंबीत दाणा भरत असतो आणि कोकणात आंब्याचा मोहोर फळ धरीत असतो. नांगरट, बियाणे, खत व मजुरी यांवरील खर्च या वेळेपर्यंत होऊन गेलेला असतो. काम थोडे उरलेले असते, परंतु नासाडीचे भय मात्र याच दिवसांत सर्वांत अधिक असते. यास्तव फेब्रुवारीच्या उत्तरार्धातील आठवड्याचा हवामान अंदाज केवळ ऐकून सोडून देण्याजोगा नसतो. त्याचा अर्थ नीट लावून शेतावरील कामांचा क्रम ठरविणे, हेच त्याचे खरे प्रयोजन होय.

२०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या विस्तृत भागांत पुनःपुन्हा गारपीट झाली. २०१८ साली ११ फेब्रुवारी रोजी जालना, बीड, बुलढाणा आदी जिल्ह्यांत गारांनी हातातोंडाशी आलेली पिके झोडपली. गार थांबविणे मनुष्याच्या हाती नाही; परंतु कापून ठेवलेला माल उघड्यावर पडू न देणे हे पुष्कळ अंशी त्याच्या हाती आहे.

१. या दिवसांत हवा का पालटते

थंडीच्या मोसमात भूमध्य समुद्राच्या बाजूने निघून इराण व अफगाणिस्तान ओलांडीत काही वातावरणीय प्रणाली हिमालयाकडे येतात. त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. त्यांच्यामुळे काश्मीर व हिमाचलात हिमवर्षाव होतो आणि त्या पुढे सरकल्या की उत्तरेकडील थंड, कोरडे वारे दक्षिणेकडे उतरतात. खानदेश, नाशिक व विदर्भ येथे थंडीची लाट येते ती बहुधा अशा वेळी. निफाडच्या गहू संशोधन केंद्रावर राज्यातील अगदी नीचांकी तापमानांची नोंद पुष्कळदा होते.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सूर्य प्रखर होऊ लागतो. दिवसा जमीन तापते, पहाटे मात्र गारठा राहतो. अशा स्थितीत बंगालच्या उपसागरावरून वा अरबी समुद्रावरून बाष्पयुक्त वारे आत आले आणि त्यांची गाठ उत्तरेकडील कोरड्या, थंड वाऱ्यांशी पडली, तर उंच ढग उभे राहून मेघगर्जना, वादळी वारा, पाऊस व गारपीट होते. विदर्भ व मराठवाडा हे या वाऱ्यांच्या भेटीचे नेहमीचे ठिकाण होय.

म्हणजे या दिवसांत आठवडा बहुधा तीनपैकी एका प्रकारचा असतो : थंडी परतण्याचा, कोरड्या उष्णतेचा, अथवा ढगांचा व गारांचा. उष्णतेकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत देशाचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या त्या महिन्याच्या नोंदींत सर्वाधिक भरले होते. अशा उष्णतेत गव्हाचा दाणा पुरता भरण्यापूर्वीच पिकतो व बारीक राहतो.

२. अंदाजातील शब्दांचा अर्थ

पुणे येथे १९३२ साली हवामान खात्याची कृषी हवामान शाखा डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाली आणि १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी आकाशवाणीवरून हवामानवार्ता देण्यास प्रारंभ झाला. आज कृषी विद्यापीठांतील केंद्रांकडून दर मंगळवारी व शुक्रवारी पुढील पाच दिवसांचा अंदाज आणि पीकसल्ला प्रसृत होतो. २०२४ पासून ग्रामपंचायतनिहाय अंदाजही मिळू लागला आहे. परंतु शब्दांचा अर्थ ठाऊक नसल्यास या सोयीचा लाभ होत नाही.

अंदाजासाठी राज्याचे चार विभाग मानतात : कोकण व गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. विभागाच्या अंदाजात ‘तुरळक ठिकाणी’ असे म्हटले असेल, तर विभागातील २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित आहे असे समजावे. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के आणि ‘बहुतेक ठिकाणी’ म्हणजे त्याहून अधिक. ‘हलका पाऊस’ म्हणजे २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर. मैदानी भागात किमान तापमान १० अंश सेल्सियस वा त्याखाली उतरून नेहमीपेक्षा निदान ४.५ अंशांनी घटले, तर त्यास थंडीची लाट म्हणतात.

इशाऱ्यांचे रंगही ध्यानात ठेवावेत. हिरवा रंग म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवावे. नारिंगी म्हणजे सज्ज राहावे. आणि तांबडा म्हणजे तत्काळ कृती करावी.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ असा अंदाज असता चारांपैकी तीन गावे कोरडी राहिली, तरी तो अंदाज खोटा ठरत नाही. गारांचा पट्टा तर अवघा काही किलोमीटर रुंदीचा असतो. एका शिवारात नासाडी होते आणि शेजारचे शिवार सुखरूप राहते. ‘मागच्या खेपेस सांगितले, पण आपल्याकडे थेंबही पडला नाही’ असे म्हणून पुढील इशारा दुर्लक्षिणे हे यास्तव धोक्याचे आहे.

३. एक उदाहरण

समजा, मंगळवारच्या पत्रकात मराठवाड्याविषयी असे म्हटले आहे : ‘पहिले दोन दिवस हवामान कोरडे. तिसऱ्या व चौथ्या दिवशी तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका पाऊस व गारपिटीची शक्यता. पाचव्या दिवशी हवामान कोरडे. किमान तापमानात २ ते ३ अंशांनी घट.’ एका शेतकऱ्याचा एकरभर हरभरा कापून रानात पडला आहे, दोन एकर ज्वारी काढणीस आली आहे आणि एकरभर गहू चिकात आहे. मजूर मोजकेच आहेत. त्याने काय करावे?

पहिल्या दोन दिवसांत हरभरा उचलून खळ्यावर आणावा. मळणी शक्य असल्यास उरकावी. नसल्यास उंच जागी गंजी रचून ती ताडपत्रीने झाकावी व कडेने चर काढावा. भिजलेल्या घाट्यांत दाणा फुगतो व मोड येतात, म्हणून मान पहिला हरभऱ्याचा. ज्वारी तेवढीच कापावी, जेवढी संध्याकाळपर्यंत आडोशाला नेता येईल. उभी ज्वारी पावसाच्या हलक्या सरीनंतर वाऱ्याने लवकर सुकते. परंतु कापून ओल्या जमिनीवर पडलेल्या कणसांतील दाणा काळा पडतो आणि कडब्याचीही प्रत जाते. गव्हाचे पाणी दोन दिवस पुढे ढकलावे, कारण ओल्या रानात वादळी वारा शिरला की पीक लोळते. फवारणी व खताचा हप्ताही थांबवावा.

पाऊस न आल्यास या शेतकऱ्याचा तोटा किती? थोडी जादा मजुरी आणि गव्हाचे लांबलेले पाणी. आल्यास मात्र हरभऱ्याचे सबंध पीक वाचते. अंदाजाचा विचार नेहमी असाच, दोन्ही बाजूंचा तोटा तोलून करावा.

४. विभागवार कामे

मध्य महाराष्ट्र : थंडीची लाट अपेक्षित असता द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या करून धूर करावा व ठिबकने पाणी द्यावे, एकाएकी तापमान उतरल्यास पक्व होणारे मणी तडकतात. पावसाचा इशारा असता तासगाव भागातील बेदाणा शेडचे पडदे सोडून बांधून घ्यावेत. काढलेला रांगडा कांदा रानात ढिगाने ठेवू नये.

मराठवाडा : हरभरा, करडई व ज्वारी यांबाबत वरील क्रम पाळावा. वाळत घातलेली हळद सायंकाळी गोळा करून झाकावी.

विदर्भ : वेचणीस आलेला शेवटचा कापूस पावसापूर्वी घरात आणावा. आंबिया बहाराच्या संत्र्यास कोरड्या उष्णतेत बेताचे पण नियमित पाणी द्यावे. ताण पडल्यास लहान फळे गळतात.

कोकण व गोवा : येथे पावसापेक्षा उष्णतेची चिंता अधिक. पाण्याची सोय असल्यास फळधारणा झालेल्या आंब्याच्या झाडास १५ दिवसांच्या अंतराने १५० ते २०० लिटर पाणी द्यावे व आळे गवताने झाकावे. ढगाळ, दमट हवेत तुडतुडे व भुरी यांकडे लक्ष ठेवावे. मोहोर पूर्ण उमललेला असता शक्यतो कीटकनाशक फवारू नये. त्यामुळे परागीकरण करणारे कीटक मरतात.

सर्वच विभागांत मेघगर्जना सुरू होताच माणसांनी पक्क्या घराचा आश्रय घ्यावा. झाडाखाली उभे राहू नये व जनावरेही झाडाखाली बांधू नयेत.

५. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांचे कर्तव्य

कार्यकर्त्याने अंदाज जसाच्या तसा वाचून दाखविणे पुरेसे नाही. मंगळवारी व शुक्रवारी पत्रक हाती येताच तीन गोष्टी चावडीच्या फळ्यावर लिहाव्यात : कोणत्या दिवसापर्यंत हवा कोरडी आहे, त्या अवधीत कोणते काम आधी उरकावे, आणि कोणते काम थांबवावे. गावात ताडपत्र्या किती व मळणीयंत्र कोणाकडे मोकळे आहे याची टिपण ठेवावी, म्हणजे इशारा आल्यावर धावपळ होत नाही. एकट्याने न आवरणारे काम आळीपाळीने, सावडीने करण्याची जुनी रीत अशा वेळी फार उपयोगी पडते.

आठवड्याअखेर गावात प्रत्यक्ष काय घडले तेही लिहून ठेवावे. दोन-तीन हंगामांच्या अशा नोंदींवरून विभागाचा अंदाज आपल्या शिवारास कितपत लागू पडतो हे गावाला स्वतःच समजू लागेल आणि पुढील माघात खळ्यावरील रास अधिक निर्धास्त राहील.