ट्रेनिंग कुणाला आणि कशाचं?



दिवाळीच्या सुट्टीत मी गावी, म्हणजे गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याला गेलो होतो. त्वरितादेवीचं हे गाव, भोवती कापसाचं शिवार. तिथून जवळच्याच एका जिनिंगमध्ये आठ दिवस काम पाहायची परवानगी मिळाली. मॅनेजर साहेब म्हणाले, "रुईत फुटकी सरकी येतेय, व्यापारी ओरडतात. कामगारांना ट्रेनिंग द्यायचंय. कशाचं द्यायचं ते लिहून दे."

मी पहिल्याच दिवशी यादी केली : सुरक्षा, गुणवत्ता, कॉम्प्युटर, व्यक्तिमत्त्व विकास! ही यादी कुठल्याही कारखान्यात चालली असती. म्हणजेच ती या कारखान्याची नव्हती.

मग पुस्तक उघडलं. मॅकगी आणि थेयर यांनी १९६१ साली सांगितलं, की ट्रेनिंगची गरज तीन ठिकाणी शोधावी : संस्थेत, कामात आणि माणसात. म्हणून आधी काम पाहिलं. डबल रोलर जिनमध्ये चामड्याचा रोलर कापसाचे तंतू ओढतो आणि हलती सुरी सरकी वेगळी पाडते. सुऱ्यांचं सेटिंग बिघडलं की सरकी फुटते.

मग माणूस. जुन्या फिटर मामांना म्हटलं, "मामा, सेटिंग करून दाखवता का?" बंद मशीनवर त्यांनी ते अगदी सहज केलं.

"मग सरकी का फुटते?"

"पोरा, मला येतंय सगळं. पण सीझनला मशीन थांबवू कोण देतंय?"

मेगर आणि पाइप यांच्या १९७० सालच्या पुस्तकातला प्रश्न नेमका हाच आहे : जिवावर बेतलं तर त्या माणसाला हे काम करता येईल का? उत्तर 'हो' असेल, तर ट्रेनिंग हा उपाय नव्हे. मामांना ट्रेनिंग नको होतं, वेळ हवा होता.

तिसऱ्या दिवशी मात्र अंगावर काटा आला. नवा पोरगा चालू मशीनमध्ये अडकलेला कापूस हाताने काढत होता. मी ओरडलो, "अरे, मशीन बंद कर आधी!" तो म्हणाला, "कुठल्या बटणानं?" त्याला कुणी सांगितलंच नव्हतं! माझ्या यादीत 'सुरक्षा' होती, पण त्या शब्दाने त्याला बटण थोडंच दिसणार होतं?

खरी गरज इथे होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेने कारखान्यांतल्या सुपरवायझरांसाठी 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' योजना राबवली. तिची काम शिकवण्याची पद्धत चार पायऱ्यांची : शिकणाऱ्याची तयारी करा, काम दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर पुन्हा येऊन पाहा. अर्थात, ट्रेनिंग दिलं म्हणून मशीनला गार्ड नसला तरी चालेल, असं नाही.

शेवटी पहिली यादी फाडली आणि चार प्रश्न लिहून दिले :

१) काम नेमकं कुठे चुकतंय?
२) कामगाराला ते येतं का? विचारू नका, करायला लावून पाहा.
३) येत असेल तर अडतंय कशावर : वेळ, पाने की हुकूम?
४) येत नसेल तर कोण शिकवणार, आणि शिकला हे कसं तपासणार?

मॅनेजर साहेबांनी वाचलं. त्या पोराला शिकवायचं काम मामांकडे त्याच दिवशी दिलं. मशीन थांबवण्याबद्दल मात्र "बघू" म्हणाले.

मित्रांनो, उद्या आपण सुपरवायझर होऊ. कामगाराला काही येत नाही असं म्हणण्याआधी त्याच्या मशीनपाशी जरा उभे राहू या. कदाचित ट्रेनिंगची गरज आपल्यालाच असेल!