घरापर्यंत जाईल, असं म्हणू नकोस

अगं, गाडी घेतलीस, तीही स्वतःच्या कमाईतून, याचा मला किती आनंद झालाय ते फोनवर सांगितलंच. आता जरा निवांत बस आणि ऐक. गणपतीला तू ती घेऊन ताम्हिणीतून कोकणात उतरणार, सोबत आईबाबा, वर पावसाचे दिवस. म्हणून हे आत्ताच बोलायला हवं.

वापरलेली गाडी घेतलीस हे शहाणपणाचंच केलंस. फक्त आधीच्या मालकाने तिचं काय केलं आणि काय करायचं टाळलं, हे तुला ठाऊक नाही. म्हणून पहिले काही महिने तिच्याकडे बारीक लक्ष दे.

कागदांचं आधी उरकून टाकू. आरसी तुझ्या नावावर झाली म्हणजे सगळं झालं असं नाही. व्यवहार झाल्यापासून 14 दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवून पॉलिसीही आपल्या नावावर करून घ्यायची असते. नाहीतर उद्या तुझ्या गाडीला काही झालं आणि पॉलिसीवर नाव जुन्याच मालकाचं निघालं, तर भरपाई अडकते. त्याचा नो क्लेम बोनस तुला मिळणार नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नसतो. तेव्हा कंपनीने फरकाचे पैसे मागितले तर भांडू नकोस, ते रास्त आहे. जुना फास्टॅग बंद करून तुझा घेतलास ना? पीयूसीची तारीखही बघून ठेव.

आता टायर. इथे मी तुला जरा जास्त वेळ बसवून ठेवणार आहे, कारण रस्त्याला टेकलेलं असतं ते एवढंच, आणि लोक नेमकं त्याकडेच बघत नाहीत. टायरच्या बाजूला एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. समज, 2319. म्हणजे तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी छान खोल दिसते म्हणून टायर चांगला असं नसतं गं. कमी चाललेल्या गाडीचा टायर नुसता उभ्या उभ्या म्हातारा होतो, रबर कडक पडतं, बाजूला बारीक चिरा पडतात. सहा वर्षांपलीकडचा टायर असेल तर मी तुला त्यावर घाट उतरू देणार नाही. नक्षीच्या खाचांमध्ये मध्येच लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की तो संपला, तेव्हा खाच जेमतेम 1.6 मिलिमीटर उरलेली असते. पावसात मात्र तिथपर्यंत वाट बघूच नकोस. खाच उथळ झाली की पाणी बाहेर फेकलं जात नाही, चाक पाण्यावर तरंगतं आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. बाजूला फुगा आलेला दिसला तर तो टायर त्याच दिवशी काढायचा. फुग्याला दुरुस्ती नसते.

हवेचा आकडा टायरवर शोधू नकोस. तिथे लिहिलेला असतो तो त्या टायरला सोसणारा जास्तीत जास्त दाब. तुझ्या गाडीचा आकडा ड्रायव्हरचं दार उघडलंस की चौकटीवरच्या स्टिकरवर मिळेल. तिथे बहुधा दोन आकडे असतात, एक कमी माणसांसाठी, दुसरा गाडी भरलेली असताना. गणपतीला जाताना दुसरा. हवा टायर थंड असताना तपासायची, म्हणजे घरून निघून जवळच्याच पंपावर. पंपावरचा मुलगा "किती भरू?" म्हणून विचारतो, तेव्हा आकडा तुझ्या तोंडात तयार हवा. हवा मोजायचं छोटं गेज मिळतं, ते घेऊनच टाक.

उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवावी, गरम होऊन ती फुगते, असं तुला पुष्कळजण सांगतील. ऐकू नकोस. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, त्यातून तो आणखी तापतो आणि मग फुटतो. समृद्धी महामार्गावर तासन्‌तास सलग वेगाने जाताना टायर फुटून माणसं गेली आहेत. मला हे बोलताना बरं वाटत नाही, पण तुला माहीत असायला हवं.

पंक्चर काढताना दुकानाबाहेर खुर्चीवर बसून फोन बघू नकोस. चाकाजवळ उभी राहा, साबणाच्या पाण्यात बुडबुडा कुठून येतो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. बहुतेक पंक्चरवाले प्रामाणिक असतात, पण आपण बघत असलो की एकाची तीन पंक्चरं होत नाहीत.

आणि स्टेपनी! तिच्यात हवा आहे का बघितलीस? काही गाड्यांची स्टेपनी बाकी चाकांपेक्षा बारीक असते आणि तिच्यावर ताशी 80 किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते. तिच्यावर फक्त टायरच्या दुकानापर्यंत जायचं, गावापर्यंत नाही.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. गाडी मोठ्या खर्चात पडते ती बहुतेक वेळा मूळ बिघाडाने नाही. बिघाड दिसल्यावरही "घरापर्यंत जाईल" म्हणून पुढे रेटल्याने पडते. दहा मिनिटांचा रस्ता उरलेला असतो, कुणीतरी वाट बघत असतं, आणि आपण लाल दिव्याकडे बघून न बघितल्यासारखं करतो. तू तसं करायचं नाहीस. पिवळा दिवा म्हणजे लवकर दाखवून घे. लाल दिवा म्हणजे सुरक्षित जागा बघून थांब. ऑइलच्या किटलीचं लाल चित्र चालू गाडीत लागलं तर इंजिन ताबडतोब बंद. तेलाच्या दाबाशिवाय आतले भाग एकमेकांवर घासतात, मिनिटा-दोन मिनिटांतही इंजिन कामातून जाऊ शकतं.

हे दिवे धड आहेत का, तेही बघ. चावी फिरवलीस की इंजिन सुरू होण्याआधी सगळे दिवे एकदा लागले पाहिजेत आणि नंतर विझले पाहिजेत. इंजिनच्या चित्राचा दिवा तेव्हा लागतच नसेल, तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. विकायच्या गाडीत असे प्रकार होतात. तुझ्या गाडीत आजच बघ.

तापमानाचंही असंच. तुझ्या गाडीसारख्या बऱ्याच छोट्या गाड्यांत काटा नसतो, नुसते दोन दिवे असतात. निळा म्हणजे इंजिन अजून थंड आहे, तो आपोआप जातो. लाल लागला तर एसी बंद कर, हीटर पूर्ण सोड, खिडक्या उघड आणि जागा मिळताच बाजूला घे. हीटर ऐकून हसू नकोस, तो इंजिनची उष्णता आत ओढतो, तेवढाच त्याला दिलासा. थांबल्यावर इंजिन बंद कर. वाफ येत असेल तर ती ओसरल्यावरच बॉनेट उघड, पण रेडिएटरची किंवा कूलंटच्या टाकीची टोपी अजिबात उघडू नकोस. आत उकळतं पाणी दाबाखाली असतं, टोपी सैल झाली की ते तोंडावर उडतं. मदतीला आलेला कुणी टोपीला हात घालायला लागला तर त्यालाही अडव. अर्धा-पाऊण तास जाऊ दे, सोबतच्या माणसांना चहा घेऊ दे. तशीच पुढे दामटलीस तर इंजिनचं हेड वाकतं, गॅस्केट जातं, आणि मग एका फाटक्या पाइपाच्या जागी अख्खं इंजिन खोलावं लागतं. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर अडीअडचणीला साधं पाणी घातलंस तरी चालेल, पण नंतर गॅरेजमध्ये ते सांगून योग्य कूलंट भरून घे.

ताम्हिणी उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. ज्या गिअरमध्ये तो घाट चढली असतीस, त्याच गिअरमध्ये उतरायचं. इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं, ब्रेक फक्त वळणाआधी. पेट्रोल वाचतं म्हणून न्यूट्रलला टाकणारे लोक आहेत, त्यांच्या गाडीत तू बसूही नकोस. जळका वास आला, किंवा ब्रेकचा पायडल नेहमीपेक्षा खोल आणि मऊ लागला, तर लगेच खालच्या गिअरवर येऊन मोकळ्या जागी थांब आणि ब्रेक थंड होऊ दे. चाकांवर पाणी ओतू नकोस, तापलेली डिस्क वाकते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, मग तापल्यावर त्यात वाफ धरते आणि पायडल आत जातो. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलतात. जुन्या मालकाकडे त्याचं बिल नसेल तर निघण्याआधी बदलूनच घे. फार खर्च येत नाही.

घाटात धुकं असेल तर हेडलाइट खाली ठेव. चारही इंडिकेटर लावून गाडी चालवायची लोकांना सवय लागलीये, पण त्याने तू कुठे वळणार ते मागच्याला कळत नाही. ते थांबलेल्या गाडीसाठी. आतून काच धुरकटली तर हवेचा रोख काचेकडे कर आणि पावसातही एसी लाव, लगेच स्वच्छ होते.

पाण्याबद्दल तर मला तुझ्याकडून वचनच हवंय. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही, पुढची एसटी गेली तरी नाही. साचलेलं पाणी चाकाच्या निम्म्याच्या वर दिसलं तर वळायचं. आणि पाण्यात गाडी बंद पडलीच, तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. हवेच्या वाटेने पाणी इंजिनात गेलेलं असतं, पाणी दबत नाही, मग आतला कनेक्टिंग रॉडच वाकतो. नेमकी हीच गोष्ट साध्या विम्यात बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घ्यावं लागतं. नूतनीकरणाच्या वेळी ते घे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी मुंबईत माणसं बंद काचांच्या गाड्यांत अडकून गुदमरली. म्हणून गाडीभोवती पाणी चढायला लागलं की आधी पट्टे काढ, काचा चालताहेत तोवर खाली घे, आईबाबांना बाहेर काढ. गाडी राहू दे तिथेच. काच फोडायची वेळ आली तर बाजूची फोडायची, कोपऱ्यात मारून. पुढची फुटत नाही, तिच्या आत प्लास्टिकचा थर असतो. छोटी हातोडी दाराच्या कप्प्यात ठेव, डिकीत नाही.

महामार्गावर गाडी बंद पडली तर जितकी डावीकडे घेता येईल तितकी घे, इंडिकेटर लाव, लाल त्रिकोण बराच मागे ठेव, आणि सगळ्यांनी डाव्या दारांनी उतरून कठड्याच्या पलीकडे उभं राहायचं. पाऊस असला तरी गाडीत बसायचं नाही. राष्ट्रीय महामार्गावर 1033 आणि कुठेही 112, हे दोन्ही नंबर बाबांच्या फोनमध्येही घाल.

बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं टिकते, तिच्यावर तारीख असते. गाडी सुरू होताना कुंथायला लागली की दुकान गाठायचं. आठवडाभर उभी असेल तर नुसती सुरू करून बंद करू नकोस, वीसेक मिनिटं चालवून आण. पावसाळ्यात वायपरच्या खालच्या जाळीतला पालापाचोळा हाताने काढत जा, नाहीतर पाण्याची वाट तुंबते आणि ते आत पायाशी येतं. उंदरांसाठी बॉनेटखाली तंबाखूची पानं ठेवतात लोक. ठेव हवी तर, पण गाडीत खाण्याचं काही उरू देऊ नकोस, ते जास्त महत्त्वाचं.

राहिलं सर्व्हिस सेंटर. तिथे तुला कुणीतरी विचारेल, "मॅडम, सोबत जेन्ट्स कोणी आहे का?" शांतपणे सांग, गाडी माझी आहे, माझ्याशी बोला. जॉब कार्डवर तुझी तक्रार तुझ्या शब्दांत लिहून घे. "आवाज येतो" एवढंच नको. डावीकडे वळताना, खड्ड्यात, ब्रेक मारल्यावर, नेमका कधी येतो ते लिहायचं. अंदाजे खर्च लेखी घे, आणि त्याच्या बाहेरचं काम फोन करून विचारल्याशिवाय करायचं नाही, हेही त्यावरच लिहून घे. बदललेला जुना भाग दाखवायला सांग. ते इंजिन फ्लश, एसीचं निर्जंतुकीकरण, कसलं कसलं कोटिंग पुढे करतील. तू एकच विचार, गाडीच्या पुस्तकात या किलोमीटरला हे लिहिलंय का? नसेल आणि गाडीला तसा त्रासही नसेल, तर नको म्हणायचं. इंजिन ऑइल आणि फिल्टर मात्र पुस्तकात लिहिलंय तेव्हा, बऱ्याच गाड्यांना 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. तू कमी चालवतेस, तुझं वर्षच आधी येईल. तिथे काटकसर करू नकोस.

आणि जवळपासचा एखादा चांगला मेकॅनिक गाठून ठेव. जो "अजून चालेल, पुढच्या वेळी बदलू" असं म्हणतो, तो धरून ठेवायचा. त्याचे पैसे वेळेवर दे, दिवाळीला मिठाई दे.

निघायच्या आधीच्या शनिवारी सकाळी गाडी घेऊन माझ्याकडे ये. सोसायटीच्या सपाट जागेत आपण चाक बदलून बघू. हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये टाकायची, समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावायचा, नट आधी जमिनीवरच सैल करायचे आणि मगच जॅक. नट हाताने हलत नसतील तर पान्यावर पाय देऊन उभी राहिलीस की हलतात. वाचून हे येत नाही, एकदा स्वतः करावं लागतं. येताना जुने कपडे घालून ये, आणि जॅक व पाना डिकीत आहेत का ते मात्र आज रात्रीच बघ. नसतील तर बाजारातून आणायला दोन दिवस हाताशी हवेत.