वरच्या जबड्यातील अस्थिरोपण : दात काढण्यापूर्वीच विचार हवा

दाढ काढली की दुखणे संपले, असे आपण मानतो. परंतु तिला धरून ठेवणाऱ्या हाडाचे पुढे काय होते, याचा विचार सहसा होत नाही. चावण्याचा भार हाच त्या हाडाचा व्यायाम होय. तो थांबला की हाड झिजू लागते. पहिल्या वर्षातच त्याची रुंदी जवळजवळ निम्मी होऊ शकते.

वरच्या जबड्यात आणखी एक अडचण आहे. मागच्या दाढांच्या मुळांवर हवेने भरलेली एक पोकळी असते. तिला सायनस म्हणतात. दाढा गेल्यावर ही पोकळी खाली पसरते. म्हणजे हाड खालून झिजते आणि वरूनही कमी होते. शिवाय तेथील हाड मुळातच भुसभुशीत असते.

स्वीडनमधील डॉ. ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये टायटॅनियमचे कृत्रिम मूळ रुग्णाच्या जबड्यात बसविले. हा धातू जिवंत हाडाशी एकजीव होतो, हे त्यांच्या संशोधनाचे सार होय. असे इम्प्लांट साधारणतः १० मिलिमीटर लांबीचे असते. हाड ३-४ मिलिमीटरच उरले असेल तर ते टिकणार कसे? यावर उपाय म्हणजे अस्थिरोपण. अमेरिकेतील बॉइन व जेम्स यांनी १९८० मध्ये याविषयीचा लेख प्रसिद्ध केला.

या शस्त्रक्रियेत हिरडी उघडून जबड्याच्या बाहेरील भिंतीत लहानशी खिडकी करतात. सायनसचे पातळ अस्तर न फाडता हळूच वर उचलतात आणि खालच्या जागेत हाडाचे कण भरतात. हे कण मांडवासारखे काम करतात. वेल मांडवावर चढावा तसे रक्तवाहिन्या व नवे हाड त्यात वाढते. त्याला सुमारे चार ते नऊ महिने लागतात. कण रुग्णाच्या हनुवटीतून वा कमरेच्या हाडातून घेतात. दुसऱ्या मानवाचे किंवा गाईबैलांचे प्रक्रिया केलेले हाड, तसेच कृत्रिम पदार्थही वापरतात. कोणते वापरणार, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे नाक जोरात शिंकरू नये व शिंक तोंड उघडे ठेवून द्यावी. तंबाखू, विडी-सिगारेट व अनियंत्रित मधुमेह यांमुळे रोपण फसण्याचा धोका वाढतो.

हा उपचार खर्चिक आहे आणि सर्वांना आवश्यकही नाही. कवळी किंवा ब्रिज हे पर्याय आहेतच. म्हणून दात काढण्याचा सल्ला मिळताच आपण तीन प्रश्न विचारावेत : हा दात वाचू शकेल काय? काढल्यास त्याच वेळी खड्ड्यात हाडाचे कण भरून हाड राखता येईल काय? पुढे दात बसवायचा तर केव्हा? वेळीच विचारलेला प्रश्न पुढची मोठी शस्त्रक्रिया टाळू शकतो, एवढे आपण ध्यानी ठेवले तरी पुरे.