रबराच्या पिळावर उडणारे विमान

जोंधळ्याच्या ताटाची साल सोलून आतल्या भेंडाच्या बैलगाड्या आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी केल्या असतील. बाल्सा हे लाकूड म्हणजे या भेंडाचा थोरला भाऊच म्हणावा. तितकेच नखाने दबणारे, पण धाग्याच्या दिशेने चिवट. झाड मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले, आणि जगाला लागणारे बहुतेक बाल्सा आजही इक्वेडोर देशातून येते. मी ते पुण्याहून आणले. एन.सी.सी.च्या हवाई विभागात विमानांच्या प्रतिकृती करणे हा शिक्षणाचाच भाग आहे. मात्र कलाशाखेच्या विद्यार्थ्याने या भानगडीत का पडावे, असे मला घरीही विचारण्यात आले.

या खेळण्याचा जनक आल्फाँस पेनो हा फ्रेंच तरुण. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलरी बागेत त्याने पीळ दिलेल्या रबरावर चालणारे छोटे विमान ११ सेकंद उडवून दाखविले. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. पुढे माणूस बसेल अशा विमानाचा आराखडा त्याने केला, पण त्याला पाठबळ मिळाले नाही आणि १८८० मध्ये त्याने आत्महत्या केली. त्याच्याच पद्धतीचे, रबरावर उडणारे एक खेळणे १८७८ मध्ये राइट बंधूंच्या वडिलांनी मुलांसाठी घरी आणले होते.

पेनोची खरी करामत शेपटीत आहे. विमानाचे वजन पंखाच्या पुढच्या भागाकडे ठेवावयाचे, म्हणजे नाक खाली जाऊ पाहते. शेपटीची पुढची कड पंखाच्या मानाने किंचित खाली ठेवली, की वारा शेपटीला खाली दाबतो व नाक वर येते. वेग वाढला तर हा दाब वाढतो, कमी झाला तर कमी होतो. विमान आपले आपणच सावरते.

बांधणी सोपी आहे. तीस सें.मी. लांबीची काठी, दीड मि.मी. जाडीच्या फळीतून कापलेला ४० सें.मी. लांब व ७ सें.मी. रुंद पंख, त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी आडवी शेपटी आणि एक उभी. पंख मधोमध कापून दोन्ही टोके चारेक सें.मी. वर उचलून चिकटवावीत. त्यामुळे विमान कुशीवर कलंडले तरी पुन्हा सरळ होते. प्रोपेलर प्लॅस्टिकचा तयार घ्यावा. फेविकॉल जपून लावावा, कारण वजन तेथेच चोरपावलांनी वाढते. बेचकीला लावतो ती सायकलच्या ट्यूबची पट्टी येथे चालत नाही. ताणले जाणारे चांगले रबरच हवे.

माझे पहिले विमान देखणे झाले आणि उडाले नाही. मी पंख काठीला पक्का चिकटविला होता. वास्तविक तो रबरबँडने बांधावा, म्हणजे मागेपुढे सरकविता येतो. पतंगाची कण्णी चुकली तर कागद कितीही उंची असो, तो गिरक्याच खाणार, तसेच हे. प्रथम पीळ न देता, गवतावर, डोक्याच्या उंचीवरून विमान हलकेच पुढे सोडावे. नाक वर करून ते थबकले व मग कोसळले, तर पंख थोडा मागे न्यावा. सरळ जमिनीत घुसले तर पुढे घ्यावा. एका वेळी दोन-तीन मि.मी.च! आठ-दहा पावले संथ तरंगत गेले, की मगच रबराला हात लावावा.

आरंभी पन्नासच वेढे द्यावेत. प्रोपेलर एकीकडे फिरतो तेव्हा सारे विमान उलटीकडे कलंडू पाहते; त्यासाठी त्याचा आस किंचित उजवीकडे व खाली वळवितात. पुढे वेढे वाढवावेत. मित्राला विमान धरावयास सांगून रबर तिप्पट ताणावे आणि पीळ देत देत जवळ यावे. असे केल्याने कितीतरी जास्त वेढे बसतात.

आपल्याकडे दुपारी माळावर वारा सुटतो, म्हणून आम्ही हिवाळ्यात सूर्योदयापूर्वीच मैदानावर जात असू. दुसरे विमान तिसऱ्या दिवशी उडाले. डावीकडे मोठी गिरकी घेत ते चढले, पीळ संपल्यावर प्रोपेलर थांबला आणि आवाज न करता ते तरंगत राहिले. मित्राने मोजलेले सेकंद बावीस भरले. ते बाभळीवर उतरले, आणि काढताना शेपटी मोडली.