बॉयलर अंगणात, ऊब घरात

प्रश्न : मिनेसोटात घराबाहेर लाकडावर चालणारा बॉयलर बसवायचा आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : घराला किती उष्णता लागते, या हिशेबापासून. मिनिटाला 20 लिटर पाणी फिरून 10 अंशांनी निवले, की सुमारे 14 किलोवॉट उष्णता मिळते. पाइप आणि पंप त्यावरूनच ठरतात.

खरी गफलत जमिनीखाली होते. स्वस्त, सैल आवरणाच्या पाइपात पाणी शिरले, की उष्णता मातीतच मुरते आणि वरचा बर्फ पट्ट्यासारखा वितळलेला दिसतो. इथे काटकसर नकोच!

असे बॉयलर बहुधा हवेला खुले असतात, म्हणून त्यातले पाणी घरातल्या बंद वर्तुळात मिसळू नये; मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर हवा. परतीचे पाणी 60 अंशांखाली गेले, तर भट्टीत डांबरासारखा थर साचतो, पत्रा गंजतो. लाकडातला ओलावाही 20 टक्क्यांच्या आत असावा.